ऑक्सिमीटरचे ९८ आणि मावशींची धाप

दिवाळीनंतरची गोष्ट. रेवदंड्याच्या कोळीवाड्यातील पंचेचाळिशीच्या एक मावशी धाप लागते म्हणून माझ्याकडे आल्या. मासळीची पाटी घेऊन बाजारापर्यंत येताना दोनदा टेकावे लागे. बरोबर आलेल्या मुलाने खिशातून ऑक्सिमीटर काढला. "डॉक्टर, ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव आहे. रोज बघतो. आय उगाच घाबरते."

मी मावशींची खालची पापणी ओढून पाहिली. पांढरीफटक! रक्त तपासले, तर हिमोग्लोबिन साडेसहा.

यंत्र बिघडलेले नव्हते. ते काय मोजते, हे आपण समजून घेतलेले नाही.

श्वासातून आलेला प्राणवायू रक्तात नुसता विरघळतो तो अगदी थोडा. बाकी सारा भार तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन या लोहयुक्त प्रथिनावर असतो. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू उचलते. म्हणजे हिमोग्लोबिन १५ ग्रॅम असेल, तर १०० मिलिलिटर रक्तात सुमारे २० मिलिलिटर प्राणवायू मावतो. मावशींच्या रक्तात जेमतेम ९ मावत होता.

अलिबागहून येणाऱ्या एस.टी.चे उदाहरण घ्या. प्रत्येक गाडी खच्चून भरलेली आहे. पण दहाऐवजी चारच गाड्या सुटल्या, तर स्टँडवर माणसे ताटकळणारच. गाड्या किती भरल्या, एवढेच ऑक्सिमीटर सांगतो. गाड्या किती आहेत, हे त्याला कळत नाही. मग बिचारे हृदय त्याच चार गाड्या जोरात पळवते. मावशींच्या छातीतली धडधड ती हीच.

परतीच्या फेरीत हेच रक्त शरीरात तयार झालेला कार्बन डायऑक्साइड फुप्फुसांकडे आणते. त्याचा सुमारे ७० टक्के भाग बायकार्बोनेटच्या रूपात येतो आणि हा बदलही मुख्यतः तांबड्या पेशींतच होतो. जाण्यायेण्याची दोन्ही कामे त्यांचीच.

"बंदरावर राहतो, मासळी खातो, आम्हाला कसली रक्ताची कमी?" असे अनेक जण विचारतात. पण घरात शेवटी कोण जेवते? तोवर तुकड्या संपून कालवणाचा रस्साच उरलेला असतो. त्यात दरमहा रक्त जाते. जेवणावर लगेच घेतलेला चहा अन्नातील लोह शोषू देत नाही. वाडीच्या ओल्या मातीत अनवाणी चालताना पायांतून अंकुशकृमी शिरू शकतात. मावशींना तर दोन वर्षे पाळीत फार रक्त जात होते. "पोराला काय सांगायचं?" असे म्हणून त्या गप्प राहिल्या होत्या.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. निम्म्याहून अधिक! कोरोनाच्या काळात आपण घरोघरी ऑक्सिमीटर आणले. पण घरातल्या बाईचे हिमोग्लोबिन किती, हे किती जणांनी विचारले? बाईचा थकवा आपण गृहीतच धरतो, ही माझी खरी तक्रार आहे.

स्त्रियांत १२, गर्भवतींत ११ आणि पुरुषांत १३ ग्रॅमच्या खाली हिमोग्लोबिन गेले, तर तो रक्तक्षय समजावा. सरकारी आरोग्य केंद्रात लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात. शौचाला काळे होते म्हणून त्या मध्येच सोडू नयेत. बरे वाटू लागले तरी डॉक्टर सांगतील तितके महिने घ्याव्यात. आणि पाळी गेलेल्या स्त्रीचे किंवा पुरुषाचे रक्त कमी आढळले, तर नुसत्या गोळ्यांवर भागवू नये. रक्त कुठे झिरपते आहे, हे शोधलेच पाहिजे.

मावशींना दोन बाटल्या रक्त द्यावे लागले, पुढे पाळीवरचे उपचारही झाले. हे दोन वर्षे आधी झाले असते, तर गोळ्यांवर भागले असते. वाचकहो, या आठवड्यात आईला, बायकोला घेऊन जा आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. बोटाला एक टोचणी, एवढेच काम आहे.