ऊन असेल तरच उमलणार

मंडळी, दर हिवाळ्यात एक प्रश्न ठरलेला असतो: "आम्ही दोघं नोकरीला, कुंड्यांना रोज पाणी घालणं जमत नाही. मग लावायचं तरी काय?" अशा घरांसाठी माझ्याकडे एक वाळवंटी उत्तर आहे. अट एकच, ती पुढे सांगते.

डायमॉर्फोथेका. नाव तोंडात बसत नाही, म्हणून नर्सरीवाले 'आफ्रिकन डेझी' म्हणतात. पण गझानियालाही तेच म्हणतात, तेव्हा बियांचं पाकीट घेताना मूळ नाव वाचून घ्या. झेंडू, शेवंती, सूर्यफूल आणि करडईच्या कुळातलं हे फूल. रोप जेमतेम फूटभर, फुलं केशरी, जर्दाळू रंगाची किंवा पांढरी.

याचं माहेर नामाक्वालँड, म्हणजे दक्षिण आफ्रिकेचा वायव्य कोपरा. तिथे पाऊस थोडाच आणि तोही हिवाळ्यात, मे ते ऑगस्टमध्ये. तो बरा झाला तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मैलोन् मैल उजाड जमीन केशरी होते. फुलं सूर्याकडे तोंड करून असतात. त्यामुळे बघायला जाणाऱ्यांना सांगतात की सूर्य पाठीशी ठेवून चाला, नाहीतर फुलांच्या फक्त पाठी दिसतील! आणि जायचं ते भर दुपारच्या आसपास, कारण सकाळी लवकर, संध्याकाळी आणि ढगाळ दिवशी ही फुलं मिटलेली असतात.

हीच ती अट. सकाळी आठला बाहेर पडून रात्री परतणाऱ्याला हे फूल रविवारीच भेटणार. आमच्या ग्वाल्हेरला जानेवारीत धुकं पडलं की तेही नाही. घरात दिवसा आजी-आजोबा असतील, गच्चीवर ऊन खात बसत असतील, तर त्यांच्या खुर्चीसमोर हे जरूर लावा. नसतील तर सरळ पिटुनिया लावा, उगाच हिरमोड नको.

लावणी सोपी. पाऊस पूर्ण सरला की ऑक्टोबरच्या मध्यावर बी पेरायचं. मातीत निम्मी रेती आणि मूठभर जुनं शेणखत, बस. खत जास्त झालं तर पाला माजतो आणि फुलं रुसतात. बी वर नुसतं मातीने झाकायचं. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात. चार-पाच पानं आली की वीतभर अंतरावर रोपं हलवा. जागा अशी हवी की दिवसभर ऊन मिळेल. 'थोडं ऊन येतं' अशा बाल्कनीत याचा नाद करू नका.

पाण्याचं मात्र काटेकोर सांगते. पहिले काही दिवस, मुळं धरेपर्यंत, ओल टिकवा. नंतर बोट मातीत घालून बघा, वरचा इंचभर थर कोरडा लागला तरच पाणी. तेही सकाळी, बुडाशी. रोज संध्याकाळी प्रेमाने झारी फिरवणाऱ्या घरांत ही रोपं बुडाशी कुजून आडवी पडतात. कुंडीच्या भोकावर खापराचा तुकडा ठेवा आणि खालची बशी काढून टाका.

जानेवारीपासून फुलं येऊ लागतात, पण खरा बहर फेब्रुवारीत, आकाश निवळल्यावर. सुकलेली फुलं खुडत राहिलात तर मार्चपर्यंत चालतो. एप्रिलच्या उन्हात रोप संपतं, ते वर्षायूच आहे. वाचवायची धडपड नको.

त्याआधी शेवटची दहा-बारा फुलं झाडावरच वाळू द्या, कारण गंमत पुढेच आहे. एकाच फुलात दोन तऱ्हेच्या बिया मिळतात: मधल्या चकतीतल्या चपट्या, पापडासारख्या, कडेला पातळ पंख असलेल्या, आणि कडेच्या पाकळ्यांच्या बुडाशी जाड, खरबरीत, काडीच्या तुकड्यासारख्या. नावाचा अर्थही तोच, दोन रूपांचं फळ. पंखवाल्या वाऱ्याबरोबर दूर जातात, जाड्या आईच्या पायाशीच पडतात. पाऊस कधी, कुठे पडेल याचा भरवसा नसलेल्या मुलखात दोन्हींकडे पैज लावलेली बरी! माझ्या कुंडीत चपट्या आधी उगवतात, जाड्या रेंगाळतात. म्हणून त्या कचरा समजून पाखडून टाकू नका.

दोन्ही बिया कागदी पाकिटात घालून कोरड्या डब्यात ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. पावसाळ्यात डबा एकदा उघडून ओल धरली नाही ना, तेवढं बघा.