पर्याय नसलेल्या रोगांवरील ‘पर्यायी’ उपचार

वैद्यकविषयक मजकूर मराठीत आणताना एक शब्द मला नेहमी अडवतो. शास्त्रशुद्ध चिकित्सेच्या बाहेरील सर्व प्रकारच्या उपचारांना आपण सरसकट ‘पर्यायी’ म्हणू लागलो आहो. पर्याय म्हणजे एकाच्या जागी दुसरे चालण्याजोगे. गव्हाची पोळी नसली तर ज्वारीची भाकरी चालते. त्या अर्थाने भाकरी हा पोळीचा पर्याय होय. परंतु पिसाळलेल्या कुत्र्याने चावा घेतलेल्या माणसाला लशीऐवजी गंडा बांधला, किंवा जखमेवर मिरचीपूड दाबून घरी धाडले, तर त्याला पर्याय कोणत्या हिशेबाने म्हणावयाचे? हा शब्द वापरणारा नकळत त्या गंड्याला लशीच्या शेजारी आसन देतो.

प्रस्तुत लेखाचा रोख नोंदणीकृत वैद्य, हकीम वा होमिओपॅथ यांच्यावर नाही, हे प्रारंभीच सांगितलेले बरे. त्यांचे शिक्षण, परीक्षा व नोंदणी कायद्याने बांधलेली आहे, आणि चूक झाल्यास जाब विचारण्याची सोय आहे. येथे प्रश्न आहे तो ज्यांना कोणीच जाब विचारू शकत नाही अशांचा, आणि तोही पडसे-खोकल्यापुरता नव्हे, तर जिवावरच्या दुखण्यांपुरता.

रेबीज या रोगाचे उदाहरण घेऊ. कारण येथे चुकीला दुसरी संधी नाही. या रोगाचा विषाणू जनावराच्या लाळेतून जखमेत शिरतो आणि मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकू लागतो. ही वाटचाल मंद असते. बहुधा एक ते तीन महिने, क्वचित त्याहून अधिक काळ, माणूस पूर्ण निरोगी दिसतो. याच अवधीत लस शरीराला प्रतिकार करावयास शिकवते. विषाणू मेंदूत पोहोचून लक्षणे दिसू लागल्यावर मात्र वाचलेली माणसे जगाच्या वैद्यकीय इतिहासात अगदी मोजकी आहेत. म्हणून चावल्याबरोबर वाहत्या पाण्याने व साबणाने जखम पंधरा मिनिटे धुवावयाची, त्याच दिवशी लस सुरू करावयाची आणि ठरल्या दिवसांच्या सर्व मात्रा पुऱ्या करावयाच्या. जखमेतून रक्त आले असेल तर रेबीज इम्युनोग्लोब्युलिन ही तयार प्रतिद्रव्ये जखमेतच टोचावयाची. साबणाचे महत्त्व पुष्कळांना क्षुल्लक वाटते. वस्तुतः या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे वेष्टण असते आणि साबणाने ते विरघळते. गावठी उपचारात जखमेवर चुना, तेल वा मिरची भरतात. त्यामुळे धुणे तर राहतेच, शिवाय जखम चिघळते.

मग असल्या उपचारांची कीर्ती टिकते कशी? लोक मूर्ख आहेत म्हणून, हे उत्तर सोपे आहे, पण खरे नाही. चावणारे प्रत्येक कुत्रे पिसाळलेले नसते, बहुसंख्य नसतात. पिसाळलेल्या कुत्र्याच्या प्रत्येक चाव्यातूनही रोग होतोच असे नाही. जखम किती खोल आहे व कोठे आहे यावर पुष्कळ अवलंबून असते. तेव्हा मांत्रिकाकडे शंभर माणसे गेली तर त्यांतील फार मोठा भाग काहीही न करता बरा राहणारच असतो. हे सर्वजण गावोगाव सांगतात की अमक्याच्या औषधाने गुण आला, त्याचा हातगुण मोठा आहे. जो एखादा दगावतो तो दोन-तीन महिन्यांनी, दुसऱ्याच गावी, कदाचित रुग्णालयात दगावतो. आणि मग अपयश रुग्णालयाच्या नावावर पडते. मेलेला माणूस साक्ष द्यावयास परत येत नाही. सर्पदंशाचीही हीच कथा. आपल्या देशातील बहुतेक साप बिनविषारी आहेत, आणि विषारी साप देखील प्रत्येक दंशात विष सोडतोच असे नाही. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्या विषावर सर्पविषप्रतिबंधक लस हाच उपाय असताना मंत्राने उतरलेल्या विषाच्या गोष्टी त्यामुळेच संपत नाहीत.

येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवावीशी वाटते. प्राचीन परंपरेचे नाव घेऊन जे या रोगाचे औषध विकतात, त्यांनी सुश्रुतसंहितेतील कल्पस्थान उघडून पाहावे. पिसाळलेल्या जनावराच्या दंशाचे वर्णन तेथे आहे, आणि ज्याला पाण्याची भीती वाटू लागली तो रोगी वाचत नाही, असा स्पष्ट निर्वाळाही आहे. आपल्या शास्त्राची मर्यादा सांगण्याचा प्रामाणिकपणा त्या ग्रंथकारापाशी होता.

कावीळ हे दुसरे उदाहरण, आणि ते अधिक फसवे आहे. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपली आपणच उतरते. म्हणून जो कोणी त्या काळात मुळी देतो, नाकात रस पिळतो किंवा माळ घालतो, त्याला यश येते. काही ठिकाणी रोग्याचे हात चुन्याच्या निवळीत धुवून ‘कावीळ उतरलेली’ दाखवतात. हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस चोळलेला असतो आणि चुन्याशी त्याचा संयोग होऊन पाणी पिवळे पडते. रसायनशास्त्राचा हा खेळ निरुपद्रवी ठरला असता, जर कावीळ हा एकच रोग असता. पण ते केवळ एक लक्षण आहे. पित्तनलिकेत अडकलेला खडा, स्वादुपिंडाचा कर्करोग, लेप्टोस्पायरोसिस, यकृताचा जीवघेणा दाह, या सर्वांत डोळे तसेच पिवळे होतात. गरोदर स्त्रीला ई प्रकारची कावीळ झाली तर तिचा जीव धोक्यात असतो. माळ लांबत जाते आणि रोग आत वाढत राहतो.

कायदे नाहीत असे नाही. चमत्कारी औषधांच्या जाहिरातींना आळा घालणारा केंद्रीय कायदा १९५४ सालचा आहे. ज्या पद्धतीचे ज्ञान नाही त्या पद्धतीने उपचार करणारा तो भोंदूच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मुंबईच्या एका खटल्यात म्हटले. त्यात होमिओपॅथीचे शिक्षण घेतलेल्या व्यावसायिकाने ॲलोपॅथीची औषधे दिली होती आणि रोगी दगावला होता. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात तर कुत्रा, साप वा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र वा गंडेदोरे करणे हा गुन्हाच ठरवला आहे. मला या शेवटच्या कलमाची रचना विशेष योग्य वाटते. त्यात श्रद्धेला हात लावलेला नाही. रोखण्याला, म्हणजे वेळ घालवण्याला, दंड आहे. इतर राज्यांनीही ते घ्यावे.

तथापि केवळ भोंदूला शिक्षा करून भागेल असे मानणे भाबडेपणाचे होईल. पूर्वी या देशात मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस दिली जाई. पोटात चौदा इंजेक्शने, आणि कधी कधी तिच्यामुळेच अंग लुळे पडण्याचा धोका. ती लस २००५ च्या सुमारास बंद झाली. आज दंडात चार-पाच वेळा टोचणी पुरते. पण ‘चौदा सुया’ हे शब्द अद्याप खेड्यापाड्यांत जिवंत आहेत, आणि त्या भीतीवर मांत्रिकाचा धंदा चालतो. ही जुनी भीती घालवण्यासाठी सरकारी यंत्रणेने जेवढा प्रयत्न करावयास हवा होता तेवढा केला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात लहान आरोग्य केंद्रात इम्युनोग्लोब्युलिन नसते. जिल्ह्याच्या गावी जा म्हणून सांगतात, आणि मजुराचा त्या दिवसाचा रोज बुडतो. मांत्रिक मात्र शेजारच्या आळीत असतो, रात्रीही भेटतो आणि धीराचे दोन शब्द बोलतो.

या रोगाने भारतात वर्षाला किती माणसे मरतात याविषयीही एकमत नाही. जुना अंदाज वीस हजारांच्या आसपासचा होता. २०२२-२३ मध्ये झालेल्या देशव्यापी पाहणीवरून तो सुमारे ५,७०० इतका काढण्यात आला. २०२१ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना मानवी रेबीजची सक्तीने नोंद करण्याची विनंती केली आहे. या नोंदीच्या नमुन्यात एक रकाना आवर्जून असावा: चावा घेतल्यानंतर रोगी सर्वप्रथम कोणाकडे गेला, आणि तेथे किती दिवस गेले. शेजारी दुसराही रकाना असावा: त्या दिवशी त्याच्या गावापासून सर्वांत जवळची लस किती कोसांवर होती.