फरीदीला फरीदीच राहू द्या

गाजलेल्या गुप्तहेरकथेवर मालिका येणार म्हटलं की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, पुस्तकात आहे तसंच दाखवा. दुसरा म्हणतो, काळ बदलला, कथाही बदला. पण बदलायचं नेमकं काय आणि कशाला हात लावायचा नाही, हा प्रश्न या भांडणात मागे राहतो. माझं उत्तर सरळ आहे. काळ बदला, शहर बदला, खुनाची तऱ्हा बदला. गुप्तहेराचं नाव आणि त्या नावामागचा माणूस मात्र तसाच ठेवा.

याचा चांगला दाखला दूरदर्शननेच घालून दिला आहे. १९९३ साली बासू चॅटर्जी यांनी शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश बक्षी हिंदीत आणला. रजित कपूर ब्योमकेश झाले, के. के. रैना अजित. कलकत्त्यात राहणारा, धोतर नेसणारा हा सत्यान्वेषी हिंदी प्रेक्षकाला आपला वाटावा म्हणून त्याचा कुणी वर्मा किंवा शर्मा केला नाही. नागपूरला बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळापासून बंगाली कुटुंबं आहेत. त्यांच्या घरी तो आधीपासूनच ओळखीचा असणार. पण महालातल्या आणि मोमिनपुऱ्यातल्या प्रेक्षकालाही त्याचं बंगालीपण कधी आड आलं नाही. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ही मालिका पुन्हा दाखवली, तेव्हाही तो ब्योमकेशच होता.

इंग्रजांचंही असंच. अगाथा ख्रिस्तीचा हर्क्युल प्वारो हा पहिल्या महायुद्धात बेल्जियममधून आलेला निर्वासित. डेव्हिड सुशे यांनी १९८९ ते २०१३ या काळात तो टीव्हीवर साकारला. त्याचा उच्चार परका, मिशा परक्या, आणि कुणी फ्रेंच म्हटलं की 'मी बेल्जियन' हे ठासून सांगणं ठरलेलं. इंग्रज प्रेक्षकाने या परक्याला डोक्यावर घेतलं. थोडक्यात, गुप्तहेर आपल्या जातीचा, भाषेचा किंवा धर्माचा असावा लागत नाही. तो हुशार आणि न्यायी असला की पुरतं.

बदलायला हवं असंही काही असतं. कॉनन डॉयलच्या 'द साइन ऑफ फोर'मध्ये १८५७ च्या धामधुमीत आग्र्याच्या किल्ल्यात खून करून खजिना लुटणारे तिघं हिंदुस्तानी आहेत. महोमेत सिंग, अब्दुल्ला खान आणि दोस्त अकबर ही त्यांची नावं. लेखक त्यांना शीख म्हणतो! ज्या माणसांबद्दल लिहायचं, त्यांची नावंही नीट माहीत करून घेण्याची गरज त्याला वाटली नाही. बीबीसीच्या 'शेरलॉक'ने २०१४ मध्ये या कादंबरीवर बेतलेला भाग केला, तेव्हा आग्र्याचा खजिना आणि हे तिघंही वगळले. होम्स मात्र होम्सच राहिला. लेखकाचं अज्ञान गाळलं, नायक राखला.

आता आपल्याकडे येऊ. इब्ने सफी, म्हणजे असरार अहमद, यांचा जन्म १९२८ चा, अलाहाबाद जिल्ह्यातल्या नारा गावचा. १९५२ मध्ये अलाहाबादमधून 'जासूसी दुनिया' सुरू झाली. त्याच वर्षी ते कराचीला गेले, पण पुस्तकं १९८० साली त्यांचं निधन होईपर्यंत दोन्ही देशांत निघत राहिली. फाळणीने माणसं वाटली, कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद मात्र सामाईक राहिले. कामठीच्या विणकर मोमिनांचे पूर्वज उत्तर प्रदेशातूनच आलेले. तिथे आणि मोमिनपुऱ्यात उर्दू वाचणाऱ्या जुन्या माणसांना फरीदीची ओळख करून द्यावी लागत नाही.

पण हिंदीत येताना एक गंमत झाली. खरं तर गंमत म्हणवत नाही. कर्नल फरीदीचा 'विनोद' झाला आणि दुसऱ्या मालिकेतल्या इमरानचा 'राजेश'. हमीद मात्र हमीदच राहिला. म्हणजे हुकूम देणारा बदलला, हुकूम झेलणारा आणि हसवणारा तसाच राहिला. प्रकाशकाच्या मनात काय होतं, हे मला इथे उकरायचं नाही. बाजाराचा हिशेब असेल. त्याच हिंदी आवृत्त्यांनी इब्ने सफींना उर्दू न येणारे असंख्य वाचक मिळवून दिले, हेही मान्य करायला हवं. विनोद-हमीदवर जीव टाकणारी ती वाचकमंडळी दोषी नाहीत. पण फरीदी नावाचा नायक त्यांना चालला असता की नाही, हे आजमावण्याची संधीच त्यांना मिळाली नाही.

हा प्रश्न जुना म्हणून सोडून देता येत नाही. आजच्या गुन्हेकथांच्या मालिकांत मुस्लिम पात्र बहुतेकदा संशयित असतं, खबऱ्या असतं, फार तर निष्ठा सिद्ध करत मरणारा शिपाई असतं. फरीदीला काही सिद्ध करायचं नाही. तो खानदानी श्रीमंत आहे, कायद्याला मानणारा आहे, गुन्हेगार कितीही मोठा असो, कायद्यापुढे तो त्याला सूट देत नाही. इतका साधा आणि इतका दुर्मीळ नायक आपल्याकडे तयार पडून आहे. सोबत हमीदचा खट्याळपणा आहे, अवाढव्य देहाचा खादाड कासिम आहे. मालिकेला आणखी काय लागतं?

तरीही ब्योमकेशसारखी घराघरांत पोहोचलेली मालिका फरीदीच्या वाट्याला आली नाही. दोष सगळा वाहिन्यांचा नाही. उर्दूच्या टीकाकारांनीही या लेखनाला अदब मानायला फार उशीर केला. मराठीतही तसंच. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, झुंजार आणि काळापहाड घराघरांत नेले, पण साहित्याच्या पंगतीत त्यांना दाराबाहेरच बसवलं. जे आपणच जपलं नाही, त्यावर दुसरा पैसे कशाला लावेल? भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे १९८० च्या दशकात दूरदर्शनवर आला आणि २०१७ मध्ये सिनेमात, कारण त्याला प्रेमाने जपणारे वाचक होते.

म्हणून मागणी दोन्ही बाजूंना आहे. उर्दू वाचणाऱ्यांनी फरीदी आपल्या मुलांच्या हाती द्यावा. त्यांना लिपी येत नसेल तर देवनागरीत द्यावा, मराठीत आणावा. आणि उद्या एखाद्या निर्मात्याने तो पडद्यावर आणायचं ठरवलंच, तर त्याने खुशाल मोटारीचं मॉडेल बदलावं, हमीदच्या हाती मोबाइल द्यावा, संवाद सोपे करावेत. पहिल्या भागात दार उघडेल आणि कुणी विचारेल, 'आपण कोण?' तेव्हा उत्तर मात्र फरीदी असंच यायला हवं. ब्योमकेशला आपलं म्हणणारा प्रेक्षक हे नावही पेलू शकतो, एवढा विश्वास त्याच्यावर ठेवायला हरकत नाही.