नवस, जावळ आणि लेकीचा पहिला वाढदिवस

लेकीचा पहिला वाढदिवस महिन्यावर आला आणि आमच्या घरात वाद पेटला. आजीचे म्हणणे एकच: "पोरीचं जावळ मांढरदेवीलाच काढायचं. मी बोलून बसलीया." भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि नवस काळूबाईला! अशा वेळी आपल्याला एकच उत्तर सुचते. 22 प्रतिज्ञा काढायच्या, मोठ्याने वाचायच्या आणि म्हातारीला गप्प करायचे. आम्हीही तेच केले. आजी गप्प झाली, पण तिला पटले काहीच नव्हते.

रात्री तिने सांगितले. तिची पहिली दोन लेकरे वर्षाची व्हायच्या आत गेली. एक गोवराने, दुसरे कशाने ते कळलेच नाही. जवळ डॉक्टर नाही, एसटीच्या भाड्याला पैसे नाहीत. तिसऱ्या खेपेला तिने नवस बोलला आणि पोर जगले. ते पोर म्हणजे आमच्या दोघांतले एक.

आपण आजीला अंधश्रद्धाळू म्हणून मोकळे होतो. पण जिथे दवाखाना पोचला नव्हता तिथे आईच्या हातात नवसच उरला होता, हे आपण विसरतो. बाबासाहेब हे रामजी आणि भीमाबाईंचे चौदावे अपत्य. त्या चौदांतली पाचच जगली. भीमाबाई याच साताऱ्यात गेल्या, तेव्हा बाबासाहेब जेमतेम पाच वर्षांचे होते. पुढे रमाईंच्या पाच लेकरांपैकी एकटे यशवंतराव जगले. लाडका राजरत्न 1926 साली गेला. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1928 मध्ये, बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेसाठीच्या विधेयकाची बाजू मांडली. चार लेकरे गमावलेल्या बापाने समाजाला नवस सांगितला नाही, हक्क सांगितला.

आजीशी बोलायचे ते इथून. ज्या रोगाला आपले लोक 'देवी' म्हणत, तो कोणाच्या नवसाने गेला नाही, लशीने गेला. 1980 साली तो जगातून संपल्याचे जाहीर झाले. गोवरालाही लस आहे. पहिला डोस नवव्या महिन्यानंतर, दुसरा 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान. पहिला वाढदिवस या दोहोंच्या मधे येतो आणि पुष्कळ घरांत केक लक्षात राहतो, दुसरा डोस राहून जातो.

दुसरे टोकही पाहू. नवस सोडला म्हणणारे आपलेच तरुण वर्षाच्या बाळासाठी डीजे, फ्लेक्स आणि दोनशे पाने उठवतात. मग मायक्रोफायनान्सचा हप्ता आईच्या रोजगारातून जातो. बकऱ्यासाठी काढलेले कर्ज आणि डीजेसाठी काढलेले कर्ज, यांत प्रबोधन कुठे झाले?

आम्ही काय केले? जावळ घरीच काढले, आजीच्या मांडीवर. केस काढण्याला आमचा विरोध नव्हता, भीतीला होता. संध्याकाळी त्रिशरण-पंचशील आणि खीर. आजीच्या हातात लसीकरणाचे कार्ड देऊन प्रत्येक शिक्का कशाचा ते सांगितले. जन्मदाखल्यात लेकीचे नाव घालून घेतले. नोंदणीपासून 12 महिन्यांच्या आत ते विनाशुल्क होते; हे अजून केले नसेल तर आधी करा.

या आजीला स्वतःची जन्मतारीख माहीत नाही. आजोबांची शाळेच्या दाखल्यावर 1 जून आहे, गुरुजींनी अंदाजाने घातलेली. लेकीची तारीख मात्र खरी आहे, नोंदलेली आहे. आपल्या घरात वाढदिवस साजरा करावा तो यासाठी.

आजीला पूर्ण पटले का? नाही. तिने रात्री मुलीची दृष्ट काढलीच. पण परवा तिनेच विचारले, "दुसरी सुई कवा हाय?"

मित्रांनो, प्रतिज्ञा वाचून दाखवणे सोपे आहे. आईच्या मनातली भीती काढणे हे खरे धम्मकार्य. आपल्या घरापासून सुरुवात करूया.

नमो बुद्धाय! जयभीम!