फळ्यापाशी कोण जाणार?

शाळेत नवे साधन आले की त्याला प्रथम हात कोणाचा लागतो, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी एकदा बाबासाहेबांना गणित सोडविण्यासाठी फळ्यापाशी बोलाविले, तेव्हा वर्गात एकच धावपळ उडाली. सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते, आणि ते विटाळतील म्हणून आधी हलविणे त्या मुलांना गणितापेक्षा अधिक निकडीचे वाटले. फळा निर्जीव होता, त्याला जात नव्हती. परंतु त्याच्यापर्यंत जाण्याची वाट जातीने अडविलेली होती.

आज त्या फळ्याशेजारी पडदा लागू लागला आहे. क्रमिक पुस्तकाच्या पानावर काळ्या ठिपक्यांची चौकोनी खूण छापलेली असते. मोबाईल तिच्यावर धरला की धडा बोलू लागतो. ही खूण आपल्या वर्गात वापरून दाखविणारे रणजितसिंह डिसले हे सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक. २०२० साली त्यांना दहा लक्ष डॉलरांचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. ‘दीक्षा’ हे सरकारी व्यासपीठही २०१७ साली सुरू झाले. खेड तालुक्यातील एखाद्या वाडीवरच्या मुलाला दूरच्या उत्तम शिक्षकाचा पाठ घरबसल्या ऐकावयास मिळावा, ही सामान्य गोष्ट नव्हे. ज्यांना विद्या कानांवर पडू देण्याचीही मनाई होती, त्यांनी अशा साधनांकडे पाठ फिरविणे आत्मघाताचेच होईल. हे प्रथमच सांगून ठेवतो. कारण पुढे जे लिहावयाचे आहे त्यावरून आम्हांस कोणी यंत्राचे वैरी समजू नये.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीने शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाईलवरून चालू राहील असे जाहीर झाले. परंतु ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने कोकण किनारा झोडपला. खेडला लागून असलेल्या दापोली-मंडणगडात विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. जेथे दिवाच नाही तेथे मोबाईल कशावर चालावा? आणि वीज आली तरी अडचण सरत नाही. कोकणातील गाव म्हणजे विखुरलेल्या वाड्यांचा संसार. त्यात बौद्धवाडी बहुधा टोकाला, चढणीवर. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आपल्याच तालुक्यातील पोसरे येथील बौद्धवाडीवर दरड कोसळून माणसे गाडली गेली, हे आपण विसरला नसाल. अशा ठिकाणी रस्ता उशिरा येतो आणि मोबाईलची लहर त्याहूनही उशिरा.

घरातला बरा मोबाईल चाकरमानी बापाबरोबर मुंबईस जातो. मागे आजीच्या पदराला बटणांचा फोन राहतो. एखाद्या घरी दुसरा असलाच, तर तो मुलाच्या हाती पडतो आणि मुलगी चुलीपाशी बसते. वाचकहो, हा अन्याय आपण आपल्या उंबरठ्याच्या आत करीत आहोत, त्याचे खापर सरकारवर फोडता येणार नाही. केरळमधील फाहिमा शिरीन या विद्यार्थिनीने वसतिगृहात सायंकाळी मोबाईल वापरण्यावर घातलेली बंदी मानली नाही म्हणून तिला तेथून काढून टाकण्यात आले. ती न्यायालयात गेली, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या हक्काचा भाग होय असे ठरविले. त्या मुलीने न्यायालयाकडून मिळविलेले आपल्या मुलीला घरातून तरी मिळावे.

आता या साधनांनी शिक्षण खरोखर किती सुधारते ते पाहू. मुंबई व वडोदरा येथे २००१ ते २००३ या काळात ‘प्रथम’ या संस्थेच्या कामाची कसोशीने परीक्षा झाली. वस्तीतीलच दहावी-बारावी शिकलेल्या तरुणी, ज्यांना बालसखी म्हणत, तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळे घेऊन बसत व जेथे मूल अडले असेल तेथूनच शिकवीत. वडोदऱ्यात चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास संगणकावर गणिताचे खेळही दिले गेले. दोहोंचा लाभ झाला. संगणकाने गणितात तर चांगलीच भर घातली. परंतु खर्चाचा हिशेब मांडला असता बालसखीच पुष्कळ स्वस्त पडली. वर्षभराने पाहिले तेव्हा मिळविलेल्यापैकी बरेचसे ओसरलेही होते, म्हणजे एका वर्षाची शिकवणी पुरत नाही. या परीक्षेच्या कर्त्यांपैकी अभिजित बॅनर्जी व एस्थर डफ्लो यांना २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या वाडीत दहावी-बारावी झालेल्या मुली किती आहेत, ते आपणच मोजावे. विहाराची ओटी आहे, सायंकाळ आहे. तेथे दोन तास बसण्यासाठी कोणत्याही यंत्राची वाट पाहावी लागत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा शिक्षक हे त्याहून नवे साधन. प्रश्न विचारावा आणि उत्तर तत्काळ हजर! तुर्कस्तानात सुमारे एक हजार विद्यार्थ्यांवर त्याचा प्रयोग झाला. ज्यांना तो सरसकट वापरू दिला त्यांची सरावातील गणिते ४८ टक्क्यांनी सरस ठरली. परंतु साधन काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा ज्यांना ते कधी मिळालेच नव्हते त्यांच्याहूनही ती मुले १७ टक्क्यांनी मागे पडली. जेथे तेच साधन उत्तर न देता केवळ सूचना देईल असे बसविले होते, तेथे ही हानी बहुतांशी टळली. यास्तव मुलाच्या हाती ते देताना उत्तर मागू नकोस, पुढची पायरी विचार, एवढे त्याला सांगावे. आई-बाप शिकलेले नसले तरी मुलाला समोर बसवून, हे तू कसे केलेस ते मला समजाव, असे म्हणता येते. ज्याने नुसते उतरविले असेल तो तेथेच अडखळतो.

एक धोका मात्र वेगळाच आहे. वीसहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार राज्य सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये पुढे आणला. अशा शाळांची संख्या १४ हजारांहून अधिक निघाली. वाड्यावस्त्यांच्या कोकणात याचा अर्थ काय होतो, हे पावसाळ्यात पऱ्ह्या ओलांडणाऱ्या पोरांच्या आयांस विचारावे. मोठ्या शाळेत पडदा असेल. पण सात वर्षांची मुलगी तेथवर पोचणार कशी?

शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक सरकारी शाळेस व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश पालक आणि एकंदरीत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आणि वंचित वर्गातील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. ही समिती कागदावर बसते आणि आपण घरी बसतो, असे अनेक ठिकाणी चालते. पुढील सभेस आपल्यापैकी कोणी तरी, शक्य तर एखाद्या आईनेच, जावे. शाळेत टॅब किती आले, कपाटाची किल्ली कोणाकडे असते, मागील महिन्यात आपल्या वाडीतील किती मुलांच्या हाती ते पडले आणि त्यांत मुली किती, हे विचारावे; आणि मिळालेले उत्तर सभेच्या इतिवृत्तात लिहून झाल्याखेरीज उठू नये.