घरातला खलनायक

दिवाळीच्या सुटीत सावेडीतील एका स्नेह्यांच्या घरी गेलो होतो. झोपाळ्यावर आजोबा, शेजारी पुण्याहून आलेला नातू आणि दोघांच्या मांडीवर मिळून 'एक्स-मेन' चित्रकथांचा एक जाडजूड संच. आजोबांनी विचारले, "यातला दुष्ट कोण रे?" नातू म्हणाला, "मॅग्नेटो. पण तो नुसता दुष्ट नाही, आजोबा."

मुलाने मर्म नेमके पकडले होते. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६३ मध्ये ही मालिका सुरू केली, तेव्हा पहिल्याच अंकात आलेला मॅग्नेटो केवळ सत्तेचा लोभी होता. पुढे लेखक ख्रिस क्लेअरमाँट यांनी १९८१ च्या दीडशेव्या अंकात त्याचे बालपण ऑशविट्झच्या छळछावणीत गेल्याचे उघड केले. त्याची कृत्ये त्यामुळे क्षम्य ठरली नाहीत. पण त्यांच्यामागचे भय वाचकाला दिसू लागले.

आपल्या नगरचे सदाशिव अमरापूरकर आठवा. 'अर्धसत्य'मधील (१९८३) रामा शेट्टी आणि 'सडक'मधील (१९९१) महाराणी यांनी प्रेक्षकांच्या अंगावर काटा आणला. सामाजिक कार्यात रमणारा मूळ माणूस मात्र अगदी निराळा होता. भूमिका वेगळी, माणूस वेगळा.

आमचे बोलणे चालू असतानाच आतून आजींचा आवाज आला, "हिनेच माझ्या बांगड्या चोरल्या!" आजींना स्मृतिभ्रंश आहे. चहाचा ट्रे घेऊन येणारी सून दारातच थबकली. सात वर्षे आजींचे सारे तीच करते आहे.

या आजारात वस्तू कोठे ठेवली याची आठवण पुसली जाते आणि ती रिकामी जागा मन संशयाने भरून काढते. आळ बहुधा सर्वांत जवळच्या माणसावरच येतो, कारण सदैव समोर तोच असतो. अशा वेळी खलनायक ना सून असते, ना आजी.

मग करावे काय? आधी तक्रारीत तथ्य आहे का, हे शांतपणे पाहावे. वृद्धांची खरोखर फसवणूकही होते. तथ्य नसेल तर वाद घालू नये, पुरावे मांडू नयेत. "चला, आपण दोघी मिळून शोधू," एवढे म्हणावे. वस्तू लपवण्याच्या नेहमीच्या जागा लक्षात ठेवाव्यात. चष्मा, पाकीट यांची दुसरी जोडी घरात असावी. ऐकू कमी येणे व दिसणे मंदावणे यांनीही संशय बळावतो. म्हणून कान-डोळे तपासून घ्यावेत. संशय किंवा गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक वाढला, तर विनाविलंब डॉक्टरांना दाखवावे. लघवीमार्गाचा जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे किंवा एखादे नवे औषध हेही त्याचे कारण असू शकते.

दूरच्या नातेवाइकांनाही या लक्षणाची आधीच कल्पना द्यावी. फोनवर एकच बाजू ऐकून सुनेला दोषी ठरवणारा दीर तिच्या जखमेवर मीठच चोळतो. शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीला आठवड्यातून काही तास तरी हक्काची सुटी मिळायला हवी.

त्या दिवशी बांगड्या तांदळाच्या डब्यात सापडल्या. नातवानेच शोधल्या. आजी हरखल्या. आजोबा मात्र सुनेकडे वळून इतकेच म्हणाले, "तू बस, बाळ. आजचा चहा मी गाळतो."