पेले जखमी झाला, तरी ब्राझील जिंकले : पण एकट्या गारिंचामुळे नव्हे

१/ एखाद्या फुटबॉल संघाचा सर्वांत मोठा खेळाडू जखमी झाला की दोन वाक्ये हमखास कानी पडतात. पहिले, ‘आता सारे संपले.’ आणि संघ तरीही जिंकलाच, तर दुसरे, ‘अमक्याने एकट्याच्या बळावर तारले.’ ही दोन्ही वाक्ये एकाच विभूतिपूजेतून येतात आणि पुराव्यासमोर दोन्ही टिकत नाहीत. १९६२चा विश्वचषक त्यासाठी पुरेसा आहे. धागा थोडा लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचावा ही विनंती.

२/ स्थळ चिली. ब्राझील गतविजेते, पेले २१ वर्षांचा. ३० मे रोजी मेक्सिकोवर २-० असा विजय, त्यातला एक गोल पेलेचा. २ जूनला व्हिन्या डेल मार येथे चेकोस्लोव्हाकियाशी सामना. पहिल्या अर्ध्या तासातच दुरून जोरदार फटका मारताना पेलेचा जांघेतला स्नायू दुखावला.

३/ त्या काळी विश्वचषकात बदली खेळाडू उतरवण्याची मुभा नव्हती. ती १९७०पासून मिळाली. त्यामुळे पेले लंगडत मैदानाच्या कडेला उभा राहिला. मासोपुस्त, पोप्लुहार या चेकोस्लोव्हाकियाच्या खेळाडूंनी त्याच्या अंगावर जाणे टाळले, ही आठवण पेलेने पुढे कृतज्ञतेने नोंदवली. सामना ०-० असा सुटला. त्या स्पर्धेत पेले पुन्हा खेळला नाही.

४/ यापुढची प्रचलित कथा आपल्याला ठाऊक आहे. पेले गेला, गारिंचा उभा राहिला. उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडविरुद्ध त्याचे दोन गोल, उपांत्य फेरीत यजमान चिलीविरुद्ध आणखी दोन. यातले एकही विधान खोटे नाही. माझा आक्षेप त्यातून काढलेल्या ‘एकट्याने जिंकून दिले’ या निष्कर्षाला आहे.

५/ कारण ही कथा एक सामना सोयीने गाळते. ६ जून, प्रतिस्पर्धी स्पेन. हरल्यास गटातूनच बाहेर पडण्याचा धोका. ३५व्या मिनिटाला स्पेनने गोल केला आणि ७२व्या मिनिटापर्यंत ब्राझील पिछाडीवर होते. मग पेलेच्या जागी आलेल्या अमारिल्डोने दोन गोल केले. पहिल्यासाठी चेंडू डावीकडून झगालोने दिला, दुसऱ्यासाठी उजवीकडून गारिंचाने.

६/ हा अमारिल्डो कोण? कथेत तो अचानक उगवतो. वस्तुतः तो रिओच्या बोटाफोगो क्लबचा आघाडीवीर होता. झगालो, गारिंचा, दिदी आणि निल्टन सांतोस हेही त्याच क्लबचे. म्हणजे पेलेची जागा घेणारा खेळाडू मैदानात उतरला तेव्हा उरलेल्या दहांपैकी चौघे त्याचे रोजचे सहकारी होते. गारिंचाचा चेंडू केव्हा आणि कुठे पडणार, हे त्याला विश्वचषकात शिकावे लागले नाही.

७/ आता उरलेला संघ पाहू. १९५८चा अंतिम सामना खेळलेल्या अकरांपैकी आठ जण १९६२च्या अंतिम सामन्यातही होते. संपूर्ण स्पर्धेत ब्राझीलने केवळ बारा खेळाडू वापरले : मूळचे अकरा आणि अमारिल्डो. प्रशिक्षक आयमोरे मोरेरा नवे होते, पण त्यांनी पेलेच्या दुखापतीनंतर घाबरून संघाची मोडतोड केली नाही. एक माणूस बदलला, बाकीची घडी तशीच ठेवली. झगालो डाव्या बगलेवरून मागे येऊन मधल्या फळीला हात देत होता, तो तसाच देत राहिला.

८/ आणि अंतिम सामना? १७ जून, सँतियागो, पुन्हा चेकोस्लोव्हाकिया. १५व्या मिनिटाला मासोपुस्तने आघाडी घेतली. दोनच मिनिटांत अमारिल्डोने बरोबरी साधली. उत्तरार्धात अमारिल्डोच्याच क्रॉसवर झिटोचा हेडर; नंतर वावाचा तिसरा गोल. ३-१. ज्याने विश्वचषक ‘एकट्याने’ जिंकून दिला म्हणतात, त्या गारिंचाचे नाव गोल करणाऱ्यांत नाही.

९/ नशिबाचा वाटा लपवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. स्पेनविरुद्ध निल्टन सांतोसने पेनल्टी क्षेत्रात प्रतिस्पर्ध्याला पाडले आणि हळूच एक पाऊल बाहेर टाकले. पंचांनी पेनल्टीऐवजी फ्री किक दिली. उपांत्य सामन्यात गारिंचाला मैदानाबाहेर काढण्यात आले, तरी अंतिम सामना त्याला खेळू दिला. परस्परांची सवय ही विजयाची हमी नव्हे. धक्का बसल्यावर संघ विस्कटू नये, एवढेच काम ती करते.

१०/ चार वर्षांनी, इंग्लंडमध्ये, हाच प्रयोग उलटा झाला. बल्गेरियाविरुद्ध पेलेला लाथा बसल्या. हंगेरीविरुद्ध तो खेळला नाही. ब्राझील १-३ हरले. मग पुरता बरा नसताना त्याला पोर्तुगालविरुद्ध उतरवले. तिथे पुन्हा घाव, पुन्हा लंगडणे, पुन्हा १-३. प्रशिक्षक फेओला, १९५८चे विजेते प्रशिक्षक. मात्र संघ सामन्यागणिक बदलत होता. आठ जुन्या सहकाऱ्यांची ती घडी आता उरली नव्हती.

११/ आता २०१४. ४ जुलैला फोर्तालेझा येथे कोलंबियाविरुद्ध नेमारच्या पाठीचा मणका मोडला. ८ जुलैला बेलो होरिझोंटे येथे राष्ट्रगीताच्या वेळी ब्राझीलच्या खेळाडूंनी त्याची जर्सी हातात धरली होती. जर्मनीने २९ मिनिटांत पाच गोल केले. अखेर १-७. आजही सांगितले जाते की नेमार नव्हता म्हणून.

१२/ नेमार आघाडीवीर होता. आघाडीवीराच्या अभावाने गोल कमी होतात. सात गोल खावे लागत नाहीत. त्या दिवशी बचावफळीचा आधार आणि कर्णधार थियागो सिल्वाही पिवळ्या कार्डांमुळे बाहेर होता. मैदानात उणीव त्याची अधिक भासली, शोक मात्र नेमारचा झाला. विभूतिपूजा दुःखाचेही वाटप असे चुकीचे करते.

१३/ समोरच्या जर्मनीकडे पाहा. स्पर्धेला निघण्याच्या आदल्या दिवशी मार्को रॉइस जखमी झाला. त्याच्या जागी चक्क एका बचावपटूला, मुस्ताफीला, संघात घेतले. अंतिम सामन्यापूर्वी सराव करताना खेदिरा जायबंदी झाला. त्याच्या जागी आलेल्या क्रामरच्या डोक्याला मार लागला आणि तो ३१व्या मिनिटाला बाहेर गेला. त्याच्याऐवजी आला शुर्ले. ११३व्या मिनिटाला शुर्लेच्या क्रॉसवर गोत्झेने विश्वचषक जिंकून देणारा गोल केला. सुरुवातीच्या अकरांपैकी सहा जण बायर्न म्युनिकचे होते. बोटाफोगोची आठवण होते ना?

१४/ ‘म्हणजे मोठा खेळाडू आणि साधा खेळाडू सारखेच का?’ असा प्रश्न येईलच. मुळीच नाही. १९६२मध्ये पेले धडधाकट असता तर ब्राझील बहुधा अधिक सहज जिंकले असते. प्रतिभा खरी असते. पण एक प्रतिभावंत गेल्यावर संघ कसा सावरतो, याचे उत्तर दुसऱ्या प्रतिभावंताच्या चरित्रात सापडत नाही. ते उरलेल्या दहांच्या परस्परसंबंधांत असते. तिथे वर्षानुवर्षांचा सराव आणि विश्वास असतो. त्याची छायाचित्रे निघत नाहीत, पुतळे उभारले जात नाहीत, म्हणून तो आपल्याला दिसत नाही.

१५/ हा केवळ पांडित्याचा वाद नव्हे. ‘एकटाच तारणहार’ या श्रद्धेची किंमत कुणाचे तरी शरीर चुकवते. १९६६मध्ये पेलेला बरा होण्याआधी उतरवले ते याच श्रद्धेपोटी. १९६२च्या ‘एकट्या’ विजेत्याचे, गारिंचाचे, गुडघे तोवर निकामी होत आले होते. तरी त्यालाही नेले. हंगेरीविरुद्धचा तो पराभव हा ब्राझीलकडून त्याचा अखेरचा सामना ठरला. १९८३मध्ये, वयाच्या अवघ्या ४९व्या वर्षी, दारूने पोखरलेल्या अवस्थेत तो गेला. ज्या देशाने त्याला तारणहार म्हटले, तो त्याला तारू शकला नाही.

१६/ म्हणून पुढच्या वेळी तुमच्या आवडत्या संघाचा मोहरा जखमी होऊन स्ट्रेचरवरून बाहेर जाईल, तेव्हा ‘आता कोण तारणार?’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. उरलेले दहा एकमेकांना किती ओळखतात, ते आधी विचारा. आणि जखमी माणसाला बरे होऊ द्या.

धागा समाप्त. मतभेद असतील तर जरूर मांडा. फक्त सोबत पुरावा आणा.